ढालदाणा

आमच्या मिरची कांडपावर मसाल्याची चव माणूस घेतो. गडहिंग्लजमध्ये बाकी सगळ्यांनी ते काम केव्हाच यंत्राकडे दिलंय. काचपट्टीवर चिमूटभर मसाला ठेवला की पडद्यावर तिखटाचा आकडा येतो, मिठाचा येतो, आणि खाली एक हसरा चेहरा उमटतो. आमच्याकडे तो चेहरा म्हणजे माझा धाकटा भाऊ महांतेश, आणि तो फुकट हसत नाही. डंकातून घाणा, म्हणजे एका खेपेचा कुटलेला मसाला, निघाला की तो डाव्या तळहातावर चिमूट घेतो, जिभेवर ठेवतो, डोळे मिटतो आणि एकच शब्द बोलतो. 'हं' म्हणजे डब्यात भरा. 'ऊं' म्हणजे परत डंकात घाला. बेळगावपासून लोक मिरच्यांची पोती घेऊन येतात, ते त्या 'हं'साठी.

मी सुलक्षणा, त्याची थोरली बहीण. सासरहून परत आले त्याला बरीच वर्षं झाली. भांडण नव्हतं, मारहाण नव्हती. नवऱ्याचं म्हणणं एवढंच होतं, की जी बाई लग्नाच्या पंगतीतून तीनदा उठते, गाडीत बसली की दर गावात उतरते आणि अंथरुणात कमी व बाथरूममध्ये जास्त असते, तिच्याशी संसार करायचा कसा? प्रश्न तसा बरोबर होता. मी बॅग भरली.

आपल्याकडे बाईच्या पोटात दुखतं, ओटीपोटात दुखतं, कंबर भरून येते. मूत्राशय तिला नसतंच. मला मात्र होतं, आणि ते मला एक घटकाभर विसरू देत नव्हतं. पेलाभर लघवी साठली तरी आत कोणी ओली मिरची वाटत बसल्यासारखी आग व्हायची. जाऊन आलं की पाच मिनिटं बरं, की पुन्हा पाटा-वरवंटा सुरू. लघवी तपासावी तर स्वच्छ. जंतू नाही, खडा नाही, गाठ नाही. डॉक्टर कागद बघायचे, माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "विचार कमी करा, पाणी भरपूर प्या." पाणी भरपूर प्या! असल्या डॉक्टरांना एकदा तरी भरल्या मूत्राशयानं आमच्या टेम्पोत बसवून आंबोलीचा घाट उतरवावा, असं मला फार वाटायचं.

त्याच्याही आधी, कॉलेजात असताना, मला थायरॉईड निघालं होतं. रोज सकाळी अनशापोटी एक गोळी. गळ्याचा डॉक्टर गळ्याखाली बघत नव्हता आणि खालचा डॉक्टर वर बघत नव्हता. त्या दोघांच्या मधल्या रस्त्यावर माझी उमेदीची वर्षं गेली.

सगळ्यांत वाईट म्हणजे मला तिखट वर्ज्य झालं. चहा, चिंच, टोमॅटो हेही वर्ज्य, पण त्यांचं एवढं नाही. कांडपवाल्याची मुलगी आणि मसाला खात नाही, हे गिऱ्हाइकाला कळलं तर दुकान बंदच करायला हवं. बायका विश्वासानं चिमूट पुढे करायच्या, "बघा की हो आक्का, जमलंय काय?" तेव्हा मी एक युक्ती काढली होती. चिमूट ओठाला टेकवायची, जीभ आत ओढून घ्यायची आणि मान डोलवायची. इतकी वर्षं कुणालाही संशय आला नाही. महांतेशला ठाऊक होतं, पण तो दुसरीकडे बघायचा.

*

डॉ. कस्तुरी नाडगौडा कोल्हापुरात नवीन आल्या होत्या. माझे दोन्हीकडचे कागद एकाच टेबलावर ठेवून बघणारं ते पहिलंच माणूस.

"सुलक्षणाताई," त्या म्हणाल्या, "तुम्हाला दोन आजार नाहीत. एकच आहे. तो घर बदलतो."

मग त्यांनी समजावून सांगितलं, तेवढं मी माझ्या शब्दांत सांगते. आपल्या रक्तात पहारेकरी पेशी असतात. बाहेरचा जंतू आला की त्या त्याच्यावर बेतून हत्यारं बनवतात, त्यांना प्रतिपिंडं म्हणतात. काहींच्या शरीरात हे पहारेकरी भ्रमिष्ट होतात आणि घरच्याच माणसाला चोर समजतात. माझ्या पहाऱ्यानं चोर ठरवलं गळ्यातल्या थायरॉईडला. ती ग्रंथी ते वर्षानुवर्षं खात राहिले, नुसते खातच नव्हते तर तिथेच तळ ठोकून नवी प्रतिपिंडं बनवत होते. आता नव्यानं कळलेली गोष्ट अशी, की त्या प्रतिपिंडांतला एक प्रकार दोन ठिकाणी बसतो. मूत्राशयाला आतून जो पातळ लेप असतो, त्यातलं एक प्रथिन थायरॉईडमधल्या प्रथिनासारखं दिसतं. गळ्यात ग्रंथी शिल्लक आहे तोवर ही प्रतिपिंडं तिथेच खर्ची पडतात. ग्रंथी संपली, की उरलेली मोकाट सुटतात आणि खालचा लेप ओरबाडायला लागतात. लेप गेला की लघवीतला क्षार आणि तिखटाचा अंश थेट नसांना झोंबतो. तपासणीत काही सापडत नाही, कारण तिथे बाहेरचं कोणी आलेलंच नसतं.

"म्हणजे गळ्यातली ग्रंथी माझ्या वाटचा मार खात होती?" मी विचारलं.

"हो. आणि ती मेली."

उपाय असा होता: मार खायला दुसरं कोणीतरी द्यायचं. थायरॉईडचा एक छोटा तुकडा घ्यायचा, प्रयोगशाळेत वाढवून हरभऱ्याएवढा दाणा करायचा आणि दंडाच्या कातडीखाली ठेवून द्यायचा. प्रतिपिंडं त्या दाण्यावर तुटून पडतात आणि मूत्राशय सुटतं. वर्तमानपत्रांनी त्याचं नाव ठेवलं होतं ढालदाणा. दोन वर्षांत दाणा खाऊन संपतो, की दुसरा बसवायचा. तुकडा एकदाच घेऊन दाणे पुन्हा पुन्हा वाढवता येत नाहीत. फार वाढवलेल्या पेशी आपला चेहरा विसरतात आणि मग प्रतिपिंडं त्यांना ओळखत नाहीत. दर दाण्याला ताजा तुकडा लागतो. माझी ग्रंथी संपलेली. परक्याचा तुकडा शरीर आठवड्यात फेकून देतं. तंतोतंत जुळणारं सख्खं भावंड लागतं.

महांतेश माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला होता. त्याचं रक्त जुळलं होतं.

"किती कापणार?" त्यानं विचारलं.

"हरभऱ्याच्या डाळीएवढं," डॉक्टर म्हणाल्या. "ग्रंथी मोठी असते. देणाऱ्याला काही होत नाही."

"मग डाळीला काय विचारायचं? घ्या की."

"म्हांत्या, घरात गिरिजाला तरी विचार," मी म्हणाले. गिरिजा म्हणजे त्याची बायको.

"भाऊबीजेला साडी देताना तिला विचारतो व्हय? गप बस तू."

*

पहिला दाणा बसवल्यानंतर काही आठवड्यांनी एक दिवस मी कांडपावर हिशेब करत बसले होते आणि एकदम माझ्या लक्षात आलं, की सकाळपासून मी माझ्या पोटाचा विचारच केलेला नाही. मी घाबरले. इतक्या वर्षांचा सोबती घरातून न सांगता निघून गेल्यासारखं वाटलं. मग मी उठले, चालत नाक्यावर गेले आणि मिसळ मागवली. मिसळ खाताना मी रडले, आणि हॉटेलवाल्याला वाटलं तिखट लागलं. त्यानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मी तोही सगळा प्यायले.

त्या काळात मी निर्लज्जासारखी सुखी होते, हे सांगून टाकते. मी लग्नांना गेले आणि पंगत उठेपर्यंत बसले. बसच्या शेवटच्या सीटवर खिडकीशी बसून गोव्याला गेले. खर्डा, तांबडा रस्सा, चिंचेची आमटी, जे पुढे आलं ते खाल्लं. कांडपावर आता दोन जिभा झाल्या. महांतेश 'हं' म्हणायचा, मग मी म्हणायचे. दर आठवड्याला तो माझा दंड अंगठ्यानं चाचपायचा आणि म्हणायचा, "हाय की अजून."

पहिला दाणा संपला, त्यानं दुसरा तुकडा दिला. गळ्यावर त्याच जागी तीच बारीकशी खूण. गिरिजा त्या वेळी दवाखान्यात आली होती, पण फारसं बोलली नाही. मला वाटलं, तिचा स्वभावच तसा.

पुढच्या उन्हाळ्यात, हंगाम सुरू झाला त्या सकाळी, महांतेशनं पहिल्या घाण्याची चिमूट माझ्या हातावर ठेवली.

"आक्का, ह्या सालापासनं चव तू घ्यायची."

"आणि तू?"

"माझी जीभ जुनी झाली. तुझी कोरी हाय. लोकांना सांगितलंय मी."

मला केवढा अभिमान वाटला! वडिलांनंतर त्याचा, आणि आता माझा मान. सगळ्या गावासमोर मी चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले, आणि माझं 'हं' त्याच्या 'हं'पेक्षा बरंच लांबलं. तो शेजारी उभा राहून हसत होता. तो हसतोय हेच मला खटकायला हवं होतं. पण सुखात असलेल्या माणसाला दिसतं कमी.

*

हंगामाच्या मध्यावर मी तपासणीला कोल्हापूरला गेले आणि मुक्कामी राहिले. डॉक्टर म्हणाल्या, दाणा उतरणीला लागलाय, महांतेशला तिसऱ्या तुकड्यासाठी बोलवायला हवं. दुसऱ्या दिवशी परत येऊन पाहते तर कांडपाच्या दारात मठपतीकाकू डबा घेऊन उभ्या.

"सुलक्षणा, चाखून बघ गं बाई, ह्याला मसाला म्हणायचं की मीठ?"

मी चाखलं. खडेमीठ दोनदा पडलं होतं. एकदा कामाच्या बाईनं टाकलं असणार आणि एकदा महांतेशनं. असं होतं अधूनमधून, त्यात काही विशेष नाही. विशेष हे, की तो घाणा डब्यात भरला गेला होता. आमच्या घरात न चाखलेला घाणा डब्यात जात नाही. अंगात ताप असताना वडिलांनी चाखलाय. आई गेली त्या दिवशी दारात आलेल्या गिऱ्हाइकाचा घाणा चाखूनच दिलाय. आणि चाखला असता तर एवढं मीठ शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"म्हांत्या, इकडे ये. हे बघ कसं झालंय."

तो आला. चिमूट घेतली, तोंडाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. "व्हय की गं, खारट झालंय. चुकलं काकू. दुसरा करून देतो."

मी त्याच्या गळ्याकडे बघत होते. कंठ हलला नव्हता. मसाला त्याच्या ओठावर होता, जीभ आत होती. ही युक्ती जगात एकाच बाईला येत होती आणि ती मी होते.

मी मागच्या पडवीत गेले. गिरिजा तिथे लसूण सोलत होती.

"गिरिजा, ह्याला कधीपासून दुखतंय?"

तिनं मान वर केली नाही. सोललेली पाकळी ताटात टाकली. मग म्हणाली, "तुम्हाला दिसत न्हवतं व्हय, वन्सं? दिवाळीपासनं बाथरूमात असत्यात. गरम विटकर फडक्यात गुंडाळून पोटाशी धरत्यात. तुम्ही खोलीतनं बाहेर आलासा की विटकर खाटंखाली ढकलत्यात. मला ईश्वरीची शपथ घातलीया, आक्काला कळता कामा न्हाई म्हणून."

ईश्वरी त्यांची मुलगी, कोल्हापूरला वसतिगृहात शिकायला होती.

"मग आज का सांगतेस?"

"तुम्ही इचारलासा म्हणून." आता तिनं वर पाहिलं. तिचे डोळे कोरडे आणि रागीट होते. "आणि तिसरा तुकडा बी देणार म्हणत्यात. मग ह्यांना कोण देणार? ह्यांना भाऊ न्हाई. तुमच्यात काय उरलं न्हाई. आता म्हणे लेकरांचा अर्धा जुळता तुकडा बी चालाय लागणार हाय. उद्या माझ्या पोरीच्या गळ्याला सुरी लागायची, वन्सं. आत्यानं बाबांकडनं घेतलं, मग बाबांनी माझ्याकडनं घेतलं तर काय झालं, असं म्हणंल ती. तशीच हाय ती. बापावर गेलीया."

मी तिच्यापुढे बसले आणि लसूण सोलायला लागले.

*

महांतेशला मी ओढतच नाडगौडा मॅडमकडे नेलं. रक्ताचा अहवाल आल्यावर त्यांनी तो स्वतः वाचला, मग पुन्हा वाचला.

"देणाऱ्याला काही होत नाही, असं मीच तुम्हाला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "तेव्हा तसंच वाटत होतं. आता आणखीही दाते येताहेत असे. भावंडांची ग्रंथी जुळते, तशी खोडही जुळते. त्यांचे पहारेकरी झोपलेले होते. आपण ग्रंथी कापली, तिच्यातलं प्रथिन रक्तात सांडलं आणि ते जागे झाले. चूक माझी आहे."

त्यांच्यावर ओरडावं असं मनात आलं होतं. पण 'चूक माझी आहे' असं म्हणणारा डॉक्टर मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते, त्यामुळे ओरडता आलं नाही.

"पुढं काय?" महांतेशनं विचारलं.

त्यांनी पडद्यावर त्याच्या ग्रंथीचं चित्र लावलं. बराचसा भाग राखाडी झाला होता. डाव्या कडेला एक पट्टा अजून लाल होता.

"एक तुकडा निघेल. एकच. तोही दिवाळीच्या आत काढला तर. माणसाला स्वतःचा तुकडा सगळ्यात चांगला चालतो, आणि तुमचा आजार नवा आहे. आत्ता दाणा बसवला, तर तुमचे पहारेकरी जुने व्हायच्या आत कदाचित शांतही होतील. ताईंचा जुना आहे, त्यांना दोनच वर्षं मिळतील. दाणा कुणाला बसवायचा हे देणाऱ्यानं सही करून सांगायचं, कायदा तसा आहे."

"आक्काला," महांतेश म्हणाला.

"म्हांत्या!"

"आक्काला. कुठं सही करायची सांगा."

मी त्याच्या हातातून पेन काढून घेतलं. मॅडम म्हणाल्या, घरी जाऊन विचार करा.

टेम्पो स्वतः चालत होता, त्यामुळे भांडायला आम्हा दोघांचेही हात मोकळे होते. निपाणी मागे पडेपर्यंत मी त्याला समजावलं, नंतर शिव्या दिल्या. त्यानं खिडकीबाहेर बघत ऐकून घेतलं.

"तू इतकी वर्षं सोसलंस," शेवटी तो म्हणाला. "मला आत्ता कळलं, काय असतं ते. माहीत न्हवतं तवा मी दुसरीकडं बघत हुतो. आता कसं बघू? तुला परत त्यात ढकलून मी मिसळ खाऊ व्हय?"

"आणि मी खाऊ?"

"तू खाल्लीस की."

तो टोचून बोलला नव्हता. मला बरं वाटावं म्हणून बोलला होता, म्हणूनच ते जास्त लागलं. मग एका गतिरोधकावर गाडी आदळली आणि त्यानं ओठ दाताखाली धरला. ती आदळ कुठे लागते हे मला ठाऊक होतं.

आठवडे गेले. तो माझ्याशिवाय दुसऱ्याचं नाव लिहायला तयार नाही आणि मी घ्यायला तयार नाही. डाव्या कडेचा लाल पट्टा कोणासाठी थांबणार नव्हता. गिरिजा रोज आम्हा दोघांना जेवायला वाढायची.

गणपती उठले त्या सुमारास एके सकाळी मला जाग आली ती त्या जुन्या आगीनं. आत कोणीतरी पाटा मांडून बसलं होतं. मी अंथरुणात पडून राहिले आणि मला फक्त एवढंच वाटलं, की अरे देवा, आलास परत. मला फार भीती वाटली. धीराच्या वगैरे गोष्टी नंतर सुचतात. त्या सकाळी मला महांतेशचा तुकडा हवा होता. मी उठून त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेलेही होते. आतून विटकर फरशीवर ठेवल्याचा आवाज आला आणि मी मागे फिरले.

मी एकटीच कोल्हापूरला गेले. मॅडमनी दंड तपासला. दाणा मेला होता.

"पण हाताला तर लागतोय," मी म्हणाले.

"मेला तरी लागतो. त्याचा वण होतो, तसाच टणक. बाहेरून फरक कळत नाही."

मी बाही खाली ओढली. "मॅडम, दुसऱ्या दाण्यानंतर आजार थकतो, परत दुखतच नाही, असे पेशंट असतात म्हणाला होता तुम्ही."

"असतात. फार थोडे."

"मी त्यांच्यातली आहे असं भावाला सांगणार आहे."

त्यांना समजायला वेळ लागला नाही. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "मी खोटं सांगणार नाही, सुलक्षणाताई. पण तुमचं खरं तुमच्याशिवाय कुणालाही सांगणार नाही."

"तेवढं पुरे आहे," मी म्हणाले.

*

घरी आल्यावर मी पेढे वाटले. आजार थकला, दाणा नको, कायमची सुटले. महांतेशनं पेढा हातात धरून ठेवला. मग जवळ येऊन माझा दंड चाचपला.

"हाय," तो म्हणाला. "तरी बी दुखत न्हाई?"

"न्हाई."

"आक्का, मी बी हेच सांगत हुतो की तुला. वर्षभर." त्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं. "रविवारी खर्डा करतो. माझ्यापुढं बसून खा. मग इश्वास ठेवतो."

रविवारी दुपारी मधल्या सोप्यात ताटं मांडली. ज्वारीची भाकरी आणि लवंगी मिरचीचा खर्डा, वर लिंबू पिळलेला. स्वतःसाठी त्यानं दूधभात घेतला होता. मी पहिला घास घेतला आणि तो माझ्या गळ्याकडे बघत राहिला. कंठ हलला. दुसरा घास. तिसरा. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

"आता च्या," तो म्हणाला. त्यानं स्वतः ओतला, कप रिकामा झाल्यावर पुन्हा ओतला. मग तांब्याभर पाणी. "आणि आता बस हितंच. मी बी बसतो."

दुखणं लपवायची सवय मला होतीच. नवीन होतं ते हसणं. मी मांडी घालायला लागले तर तो म्हणाला, "पाय सोडून बस." मला कळलं तो काय बघतोय. दुखायला लागलं की पायाची बोटं आपोआप आत वळतात, आणि ही गोष्ट कुठल्याच पुस्तकात लिहिलेली नाही. मी पाय पसरले, बोटं सैल सोडली आणि त्याला लहानपणीची गोष्ट सांगायला लागले. एकदा त्यानं मिरचीचा हात डोळ्याला लावला होता आणि 'मी आंधळा झालो' म्हणून पेठेतून बोंबलत पळाला होता. तो हसला. खर्डा, लिंबू, चहा, सगळं खाली पोचलं होतं. गोष्टीचा शेवट मला आठवेना, म्हणून मी दुसरी गोष्ट काढली.

आणि मग त्याची बोटं वळली. दूधभात खाऊनही. तो थोडा वेळ रेटत राहिला, शेवटी "आलो" म्हणाला आणि भिंतीला धरत उठून बाथरूमकडे गेला.

कडी लागल्याचा आवाज येताच मी दुमडले. कपाळ गुडघ्यांवर, दोन्ही मुठी पोटात, पदराचा बोळा तोंडात. किती वेळ ते माहीत नाही. डोकं वर केलं तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात गिरिजा उभी होती. तिच्या हातात भाकरीचं टोपलं होतं.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. तिनं सगळं पाहिलं होतं. तिनं नुसतं 'वन्सं' म्हटलं असतं, तरी सगळं तिथेच संपलं असतं. मला आत कुठेतरी ती म्हणेल असं वाटलंही. तिनं म्हणावं असंही वाटलं.

कडी निघाली. मी ताठ झाले, पदर नीट केला, पाय पसरले.

महांतेश दारात येऊन थांबला. त्याचा चेहरा घामानं भिजला होता. त्यानं मला काही विचारलं नाही, बायकोला विचारलं.

"आक्का उठली हुती?"

गिरिजानं माझ्याकडे बघितलं नाही. ती पुढे आली, खाली बसली, माझ्या ताटात तिसरी भाकरी वाढली आणि तिच्यावर खर्ड्याचा गोळा ठेवला.

"न्हाई," ती म्हणाली. "मस्त बसल्यात. अजून एक भाकरी मागत हुत्या."

मी भाकरी मोडली आणि खाल्ली. महांतेश भिंतीला टेकून खाली बसला आणि रडायला लागला, आनंदानं. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्या नावापुढे सही केली.

गिरिजाला मी कधी दोष दिला नाही. तिच्या जागी मी असते तर खर्ड्यावर आणखी लिंबूही पिळलं असतं. महांतेशचा दाणा धरला, तो आता बरा आहे. दवाखान्यात मॅडम मला वेदनेच्या गोळ्या देतात, त्या थोड्या लागू पडतात. कांडपावर चव पुन्हा तोच घेतो. पण दर घाण्याला, 'हं' म्हणायच्या आधी, तो हौसेनं तळहात माझ्यापुढे करतो आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबतो. मी चिमूट उचलून जिभेवर ठेवते. मी बरी झाले, हे गडहिंग्लजमध्ये सगळ्यांना माहीत आहे.